चष्म्याचा नंबर

आरमोरी, दि. १७ नोव्हेंबर १९८५

चि. सत्यशीला हिला आईचा जय भीम.

त्या सकाळी मी शेण काढलं, पाणी भरलं आणि मोहाच्या झाडाखालचा पाला झाडायला गेले. तुझे बाबा टोपली घेऊन मागून आले. म्हणाले, "तू झाड, फुलं मी वेचतो. तुझ्यानं वाकणं होत नाई." त्यांच्यानंही होत नव्हतं. हे मार्चमधलं सांगते आहे.

तुझं पत्र मिळालं. इकडे धानाची कापणी सुरू आहे. गाय व्याली, गोऱ्हा झाला. थायलंडच्या छावणीतून महिन्याभरात परत येतेस, हे वाचून बरं वाटलं. बाबांसाठी तिकडून नवा चष्मा आणायचा म्हणून नंबर मागितलास.

नंबर मला माहीत नाही. चष्मा माझ्याजवळ आहे. तुझी पत्रं आता मी तोच लावून वाचते.

त्या सकाळी टोपली अर्धी भरली आणि ते खाली बसले. मग आडवे झाले. मला वाटलं, थकले. मी झाडत राहिले. ऊन तोंडावर आलं तरी हलले नाहीत, तेव्हा जवळ गेले.

तुझे लहानूकाका पोस्टात निघाले होते. "पोरीले तार करतो, वहिनी. एकलीच हाये त्याले."

"नोका करू."

"काऊन?"

"पोरगी येऊन काय करन? हे उठतीन काय?"

"लोक काय म्हणतीन?"

"मले म्हणतीन. तुमाले नाई."

आदल्या दिवशीच तुझं पत्र आलं होतं. बाबांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. कंबोडियातल्या लढाईतून पळून आलेल्या चौदा बाळंतिणी एका ताडपत्रीखाली, आणि नर्स तुम्ही दोघीच. तू निघाली असतीस तर एक उरली असती. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

बाबांचा हात दुखतो म्हणून मी लिहिते, असं आठ महिने कळवलं. ते खोटं होतं. त्यांच्या मागे करायचं पुण्यानुमोदन अजून केलं नाही. त्यावरून बाया मला अजून बोलतात. तू आल्यावर करू. रागावलीस आणि इकडे न येता नागपूरलाच राहिलीस तरी मी बोलावणार नाही. पण चष्मा घेऊ नको.

दुसऱ्या दिवशी मोह पुन्हा पडला होता. मी एकटीनं वेचला, अंगणात वाळत घातला. मग त्यांचा चष्मा लावला आणि तुला लिहिलं, बाबा बरे आहेत.

तुझी आई