खालच्या देशाची रेषा

३ मार्च
साहेबांनी नवं काम गळ्यात मारलं. आफ्रिकेतले दोन देश, वीस वर्षं, सरकारची स्थिर गुंतवणूक – कोणी किती केली ते एका आलेखावर शेजारी शेजारी मांडायचं. सुरुवातीला ज्याची रेषा वर होती तो 'वरचा', दुसरा 'खालचा'. खालच्यात माझा नवरा आहे. पाच वर्षं झाली, सरकारी धरणावर इंजिनिअर. साहेब म्हणाले, तुमचं तर सासरच झालं ते! काय विनोद! तो तीन वर्षांत घरी फिरकलेला नाही, हे मी सांगत बसले नाही.

४ मार्च
आकड्यांचे कागद घरी आणले. सासूबाईंनी विचारलं, स्थिर म्हणजे काय गं? म्हटलं, रस्ते, पूल, धरणं, इमारती. एकदा पैसा ओतला की उचलून परत आणता येत नाही, असं सगळं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला, मग पुन्हा निवडू लागल्या.

९ मार्च
वरचा रखडत, धापा टाकत का होईना, चढतोय. खालचा आधी भराभर चढला – बंदर, हमरस्ते, शेवटी धरण – आणि तीन वर्षांपूर्वी धाडकन खाली. तेव्हापासून रेषा जमिनीला चिकटून!

आकडे चुकलेत. तिथे कोणीतरी कामचुकार कारकून बसलाय. नवरा कालच फोनवर सांगत होता, श्वास घ्यायला फुरसत नाही, यंदाही सुट्टी मिळायची नाही. मग हे शून्य आलं कुठून?

१२ मार्च
शेवटची तीन वर्षं तुटक रेषेने वर नेली. खाली 'अंदाजे' असं लिहिलं. साहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं – आधार काय?

"माझा नवरा तिथे काँक्रीट ओततोय," मी म्हटलं.

टायपिस्टसुद्धा हसली. आधी लाज वाटली, मग राग आला. पुरावा म्हणून नवरा पुढे करणारी मी पहिलीच असेन! साहेब म्हणाले, तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला विचारा, नाहीतर रेषा पुसा.

१३ मार्च
फोन लागला नाही.

१६ मार्च
लागला. पलीकडची बाई गोड बोलणारी. म्हणाली, आकडे बरोबर आहेत, तिजोरीत खडखडाट आहे, तीन वर्षांत सरकारने विटेवर वीट ठेवलेली नाही. मी धरणाचं नाव घेतलं.

"ते तर सगळ्यात आधी बंद पडलं. बाहेरदेशचे इंजिनिअर त्याच महिन्यात आपापल्या घरी गेले."

आभार मानून फोन ठेवला. तुटक रेषा पुसली. एका फटक्यात पुसली गेली – तीन वर्षं! मग जिन्यात जाऊन रडले. आणि खोटं कशाला बोलू, शिव्याही घातल्या. मनसोक्त.

१७ मार्च
नवऱ्याला फोन केला. विचारलं, धरण कुठवर आलं? म्हणाला, "जोरात चाललंय." मी म्हटलं, बरं.

दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो म्हणून चारचौघांत मिरवत होते मी त्याला! आता सासूबाईंना काय सांगू? एकुलता एक मुलगा त्यांचा. हा धक्का त्यांना सोसायचा नाही. त्यांच्यापुरतं तरी काहीतरी बरंसं खोटं शोधायला हवं.

१८ मार्च
खोटं जमलं नाही. सगळं सांगून टाकलं. सासूबाई रडल्या नाहीत की चकितही झाल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यानं तिथं घर बांधलंय. मुलगा आहे, दोन वर्षांचा. तू ते आकडे आणलेस तेव्हाच वाटलं, आता तुला कळणार."

घर खासगी. माझ्या रेषेत फक्त सरकारी बांधकाम येतं.