मागचा डावा टायर

अण्णा, अख्खी हयात तुम्ही खडीच्या रस्त्यावर पिकअप चालवलीत आणि पंक्चर झालं म्हणून तुमची गाडी कधी वाटेत उभी राहिली नाही. एकच दिवस सोडून. तो दिवस माझ्या साखरपुड्याचा होता, आणि त्या दिवसाबद्दल माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्ही होतात तोवर विचारायची छाती झाली नाही. तुम्ही गेल्यावर विचारणार कुणाला? पण काल सकाळी माझ्या अंगणात जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलंय. रागावू नका. रागावलात तरी आता माझं काय करणार आहात म्हणा.

संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत. तुमचा कशावरच विश्वास नव्हता. वस्तीपासून बार्शीच्या फाट्यापर्यंतच्या आपल्या रस्त्यावर तर अजिबात नाही. दर निवडणुकीला त्यावर नवी खडी पडायची आणि डांबर काही यायचं नाही. अजूनही आलेलं नाही. क्रशरवरून आलेल्या ताज्या खडीला धार असते, ती तुम्ही हातात धरून मला दाखवायचात, "ही बग, सुरी हाय सुरी." दुधाचे कॅन चढवण्याआधी रोज गाडीभोवती एक फेरी. टायरच्या खाचांत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरनं उकरून काढायचे, कारण आज अडकलेला खडा उद्या आत घुसणार. मग बाभळीच्या दांडक्यानं प्रत्येक टायर ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचं. टायर नुसता बघून तुम्हाला कधी पटलं नाही. "दिसायला समदेच भरलेले दिसत्यात, माणसं बी," असं म्हणायचात. स्टेपनीलाही तेच दांडकं. आई गेल्यानंतर घरात आपण दोघंच, त्यामुळे चहा चुलीवर ठेवून मीही तुमच्या मागून ठोकत फिरायची.

गाडी तुम्ही मला शिकवलीत तेव्हा गावानं नावं ठेवली. तुम्ही गावाकडे लक्ष दिलं नाहीत, कारण गावावरही तुमचा विश्वास नव्हता. खडीवर कडेकडेनं जायचं नाही, उडालेले धारदार दगड तिथंच गोळा होतात. पुढच्या गाडीनं मळलेली चाकोरी सोडायची नाही. एकदा मी उभ्या गाडीचं स्टिअरिंग गरगर फिरवलं, तर तुम्ही खाली उतरवून मला चाकापाशी बसवलंत. खडीत टायर रगडल्याची खूण दाखवून म्हणालात, "तुझ्या पायाखाली खडी घालून तुला गिरकी घ्यायला लावली तर? लागंल का न्हाय?" मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. आता माझ्या स्वतःच्या पिकअपवर बदली ड्रायव्हर आला की मी त्याला हेच शब्द ऐकवते, आणि तोही दिवसभर माझ्याशी बोलत नाही.

सगळ्यात मोठी विद्या हवेची होती. डांबरावरची हवा खडीवर चालत नाही, असं तुमचं म्हणणं. टायर जरा मऊ असला की तो दगड पोटात घेतो, टणक असला की दगड त्याला फाडतो. म्हणून रिकामी गाडी खडीला लागली की तुम्ही उतरायचात, काडीपेटीतली काडी वॉल्व्हच्या पिनेवर दाबायचात आणि थोडी थोडी हवा सोडायचात. माल भरलेला असेल तर सोडायची नाही, फार सोडायची नाही, आणि डांबर लागलं की पायपंपानं पुन्हा भरायची. तो पंप पोत्यात गुंडाळून सीटमागं कायम असायचा. आपला पाना शेजाऱ्याला द्यायचा झाला तरी तुम्ही तो शेजारी उभं राहून परत घ्यायचात, अण्णा. पंप तर तुम्ही कुणाला हातही लावू दिला नाहीत. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय.

आता तो दिवस. साखरपुडा करमाळ्याला, नवऱ्या मुलाच्या घरी. मी हिरवी साडी नेसून पुढं तुमच्या शेजारी बसलेय, मागं हौद्यात सतरंजीवर मोठी आत्या आणि भावकीतली माणसं, त्यांच्या मांडीवर साखरेचा पुडा आणि फळांच्या पाट्या. तुम्ही नवं पांढरं धोतर नेसलात. निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारली नाहीत. मला वाटलं, नव्या धोतराला डाग पडतील म्हणून. फाटा दिसायला लागतो आणि मागचा डावा टायर बसतो. तुम्ही उतरता, बघता, आणि म्हणता, "बसला." स्टेपनी काढली तर तीही मऊ. पंप कुठाय विचारलं तर म्हणालात, "कुनीतरी मागून न्हेला." आत्या हौद्यातून ओरडली, "अरं मग यष्टीनं जाऊ की! पोरीचा मुहूर्त टळंल." तुम्ही म्हणालात, "गाडी एकटी टाकून कसं जायाचं?" गाडीपाशी बसवायला भावकीतली चार माणसं होती, पण ते कुणी सुचवलं नाही. तुम्ही चाक खोलून, घरंगळवत, सावकाश फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात नेलंत. तुम्हाला इतकं सावकाश चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आपण पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. मुलाचा चुलता ओसरीवरूनच म्हणाला, हा अपशकुन आहे. एरवी तुम्ही असल्या बोलण्याला हसून बाजूला झाला असतात. त्या दिवशी म्हणालात, "अपशकुन वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या की." आणि वळलात. झालं, तिथंच मोडलं. परतताना मी रडत होते आणि तुम्ही मला एकदाही गप्प राहा म्हणाला नाहीत. पुढं वर्षभरानं तुम्हीच स्थळ आणलंत, याच रस्त्यावरचं, दोन कोसांवरचं. दुधाच्या फेरीत रोज डोकावता येईल एवढ्या अंतरावर मुलगी दिलीत. रुखवतात लोकांच्या मुलींना चांदीची वाटी, मला तुम्ही ते बाभळीचं दांडकं ठेवलंत. मांडव पोट धरून हसला. तुमचे जावई चांगले निघाले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चांगलं निघालं म्हणून प्रश्न मिटतो असं नाही.

तुम्हाला त्या करमाळ्याच्या घराबद्दल काही वाईट कळलं होतं का? मी बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आले. मग एकदा करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला गेले तेव्हा साखरपुडा मोडलेला तो माणूस दिसला. बायको पायऱ्या चढत होती आणि त्यानं तिची पिशवी, तिच्या चपला, दोन्ही हातात धरलं होतं. ती त्याला काहीतरी बोलली आणि तो एवढ्या मोठ्यानं हसला की पुजाऱ्यानं वळून पाहिलं. सुखी बाई लांबून ओळखू येते, अण्णा. तेव्हा माझा संशय करमाळ्यावरून उठला आणि कायमचा तुमच्यावर येऊन बसला. आई नव्हती. मी गेले असते तर घरात तुम्ही आणि चूल. फाट्यावरचा पंक्चरवाला आता म्हातारा झालाय. त्याला मध्यंतरी मी सरळ विचारलं. म्हणाला, "ट्यूबला भोक न्हवतंच की. पान्यात बुडवली, एक बुडबुडा न्हाय आला. तुजा बाप म्हनला, हवा भर आन गप ऱ्हा." पण त्याच्या शब्दावर विसंबावं असाही तो गडी नाही. भोक नसलेल्या ट्यूबला दोन-दोन ठिगळं लावण्यात त्याची जिंदगी गेली. चहा पाजणाऱ्याला हवं ते तो सांगतो, आणि चहा मीच पाजला होता.

आता कालचं. माझ्या लेकीचा साखरपुडा होता, नातेपुत्याला. मुलगा तिनंच निवडलेला, पुण्यात तिच्याबरोबर नोकरीला. त्याच्या घरची माणसं गोड बोलतात, आणि तिथंच माझं बिनसलं. काही नको म्हणतात, नुसती मुलगी द्या म्हणतात. असं म्हणणारी माणसं मी आजवर पाहिली नव्हती. चौकशीला तीन ठिकाणी माणसं पाठवली, कुणालाच काही सापडलं नाही, म्हणून मला जास्तच शंका यायला लागली. एवढं स्वच्छ कोण असतं? तुमचे जावई माणसांना घेऊन पुढं गेले होते. मी आणि लेक पिकअपनं मागून निघणार होतो. ती आत साडी नेसत होती. मी अंगणात गेले, मागच्या डाव्या टायरपाशी बसले, आणि काडी वॉल्व्हच्या पिनेवर दाबली. हवेचा आवाज ऐकत बसले. मग स्टेपनी. पायपंप मी आदल्या दिवशीच शेजारी देऊन टाकला होता.

लेक बाहेर आली. भरजरी साडीत, हातात ते दांडकं. निघण्याआधीची फेरी ती चुकवत नाही. मी लावलेलीच सवय, मला कालच कशी आठवली नाही? तिनं ठोकलं, थांबली, पुन्हा ठोकलं. म्हणाली, "आई, मागचा डावा बसलाय."

मी म्हटलं, "अगंबाई, आता गं? पंप तर शेजारी दिलाय."

"आणि स्टेपनी?"

"तीबी जरा मऊच लागतीय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग घरात गेली आणि बॅगेतून विटेएवढं एक यंत्र घेऊन आली. त्याची वायर गाडीच्या डॅशबोर्डात खुपसली, नळी वॉल्व्हला लावली, बटण दाबलं. हवा आपोआप भरायला लागली. पदर खांद्यावर घेऊन ती चाकाशेजारी उकिडवी बसली होती, अगदी तुमच्यासारखी. मी विचारलं, "हे कधी आणलंस?"

"साखरपुडा ठरला त्याच दिवशी मागवलं."

"कशाला?"

"आजोबांची गोष्ट तूच सांगितलीस की मला," ती म्हणाली. "एकदा न्हाय, धा वेळा."

आम्ही निघालो. खडीच्या रस्त्यावर मी चाकोरी सोडली नाही, कडेला गेले नाही, कुठं जोरात ब्रेक मारला नाही. गाडी मी आयुष्यात इतकी नीट चालवली नसेल. मुहूर्ताआधी पोचलो. साखरपुडा झाला. ती माणसं जेवणातही गोडच बोलली, आणि मी अजून त्यांच्याकडे नीट बघून घेतेय. लेक पुण्याला निघताना माझ्या गळ्यात पडली, पण तिचं ते यंत्र तिनं माझ्याकडे ठेवायला दिलं नाही, स्वतःजवळच ठेवलं. तिचा माझ्यावर विश्वास नाही, अण्णा. बरोबर आहे तिचं.

तुमच्यावरचा संशय मी मागं घेत नाही. फक्त तो तुम्हाला आता एकट्याला वाहायला लागणार नाही. हे पत्र पाठवायचं कुठं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही उलट मलाच विचारलं असतंत की तूही ठोकायला शिकलेली होतीस, मग त्या दिवशी निघण्याआधी तू का फेरी मारली नाहीस. काल पाहुण्यांकडे जेवताना मी तेच मनाशी घोळवत होते. त्या दिवशी माझ्याकडेही असं यंत्र असतं, तर मी ते बाहेर काढलं असतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.