‘बोलतात’ हा शब्द

प्रिय परमेश्वरदादा,

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल की नाही, मला माहीत नाही. तुझा फोन बंद झाला, बंगलोरची खोली सुटली, मित्रांनाही तुझा ठावठिकाणा सांगता येईना. आता हाती लागलाय तो फक्त एक ईमेल पत्ता, तुझ्या कोडमधल्या एका बदलाला चिकटून राहिलेला. काल दुपारी तो सापडला तेव्हापासून मला जेवण गेलेलं नाही. आईनं दोनदा विचारलं, ताप आलाय का म्हणून.

मी हल्ली टेंभुर्णीतूनच संभाजीनगरच्या एका कंपनीचं काम करते. शेतकऱ्यानं फोनवर बोलायचं आणि यंत्रानं त्याचं बोलणं लिहून घ्यायचं, असं ते काम. आपल्याकडचा माणूस ‘पाऊस न्हाई’ म्हणाला की आमचं यंत्र ‘पाऊस न्हावी’ लिहितं. साहेब वैतागले. ओपन सोर्सच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडमध्ये कुणी हे आधीच सोडवलंय का ते बघावं म्हणून मी शोधायला बसले. एक शब्द टाकला की हजारो प्रकल्पांचं कोड आणि त्यांची माहितीपानं एकदम धुंडाळून देणारी जागा आहे, तुला ती माहीत असणारच. मी ‘गेल्तो’ टाकला. काही मिळेल अशी आशा नव्हती. एकच उत्तर आलं.

शुद्धलेखन तपासणाऱ्या एका प्रकल्पात चाचणीची वाक्यं होती. पहिलं, ‘मी जाफराबादला गेल्तो, एसटी घावली न्हाई.’ मला बरं वाटलं, आपल्याच भागातलं कुणीतरी आहे म्हणून. त्याखाली होतं, ‘वकिलाला बांध जल्दी, न्हाईतर समदी मेथी खाईल.’

दादा, मी लॅपटॉप मिटला. उठून माठातलं पाणी प्यायले. मग परत उघडून तेच वाक्य वाचलं. बोकडाचं नाव वकील ठेवणारा माणूस या जगात एकच. हटकलं की तो उलटून बें करायचा, म्हणून अण्णांनी ठेवलेलं. पुढची वाक्यं मी एकेक बोट ठेवून वाचत गेले. शेरडांना पाला टाकायचा, आईला हाक मारायची, मला शाळेला उठवायचं, सगळं अण्णांचं. लिहिणाऱ्याचं नाव पी. रायभान. तू आडनाव गाळलंस आणि बापाचं नाव ठेवलंस.

त्या बापाला तू हॉस्टेलच्या फाटकात मित्रांसमोर ‘आमच्या शेतावरचे गडी आहेत’ म्हणालास. कारण त्यांनी सगळ्यांदेखत ‘जेवला का न्हाई लेकरा’ विचारलं, आणि पोरं हसली. अण्णांनी घरी ते कळूही दिलं नव्हतं. तूच पुढच्या सुट्टीत येऊन आईजवळ रडत सांगितलंस, आणि सकाळी त्यांच्यासमोर उभं राहवेना म्हणून निघून गेलास. आम्हाला वाटायचं, अण्णा तुझ्यावर रागावलेत. आई अण्णांशी भांडायची, की जा, शोधा त्याला. ते एवढंच म्हणायचे, “लाज वाटली लेकराला. वाटू दे. वय हाय त्याचं. यील बराबर.” आणि तुझी थाळी मांडणीवरून त्यांनी कधी कुणाला हलवू दिली नाही.

हे वाचून तू आज रडशील, तर रड. मीही काल तेच केलं.

पण खरा धक्का यादीच्या शेवटी होता. दिवाळीनंतर तू एक वाक्य वाढवलंस. ‘मी दारापर्यंत आल्तो, अण्णा वट्ट्यावर न्हवते, मंग माघारी गेलो.’ दुसऱ्या कुणाला ते व्याकरणाचं उदाहरण वाटेल. मी मात्र खुर्चीतून उठून दारात जाऊन उभी राहिले. तू इथं आल्तास, दादा. आई आत भाकरी थापत असेल, मी वर फोनवर असेन. तू कडी वाजवली नाहीस. रोज दारातल्या ओट्यावर बसणारे अण्णा कुठं गेले असतील, असं तुला वाटलं? शेतावर? की तुला बघून आत गेले, असं?

मग मी प्रकल्पाचं माहितीपान उघडलं. तिथं तू लिहिलंयस: ‘ही वाक्यं माझे वडील बोलतात तशी आहेत. नियम आणि वडील यांच्यात फरक पडला, तर वडील बराबर धरावेत.’ अशा प्रकल्पात कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. मी सुचवायला घेतलीसुद्धा. ‘बोलतात’ खोडून तिथं ‘बोलायचे’ लिहिलं, आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसून राहिले. पाठवलं असतं, तर तुला ते तसं कळलं असतं. एका शब्दाच्या दुरुस्तीतून. ते मला करवलं नाही, म्हणून हे पत्र. गेल्या श्रावणात, शेरडं घेऊन येताना बांधावरच छातीत कळ आली त्यांच्या. दवाखान्यात न्यायला गाडी यायच्या आत अण्णा गेले. ते वट्ट्यावर नव्हते ते त्यामुळं, दादा, तुझ्यावरच्या रागानं नाही. आईला मी अजून तुझं काहीच सांगितलेलं नाही. तू दारात येऊन परत गेलास, हे तिला माझ्या तोंडून ऐकवणार नाही. तू ये, आणि या वेळी कडी वाजव.

तुझीच,
सत्यशीला