डाव्या बाजूचा नट

गुरुवार, ११ सप्टेंबर

लिफ्ट टेबल आले! सकाळी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून फोन – "सर, तुमचं पार्सल लई जड हाय. दोघंजण घेऊन या." मोटारसायकल कमरेच्या उंचीपर्यंत उचलणारे हायड्रॉलिक मेज. तीनशे किलोपर्यंत भार पेलते, असे जाहिरातीत होते. त्या प्रकारातले सर्वांत स्वस्त होते, म्हणून मागवले. छोटा टेम्पो करून घरी आणले.

शेजारचे व्यंकटराव फाटकातच उभे होते. एस.टी.च्या लातूर आगारात त्यांनी उभा जन्म मेकॅनिक म्हणून काढला आहे. "सर, गाडी एक. ती बी वर्षभर झाकून ठेवलेली. तिच्यासाठी एवढा डोलारा?"

गुडघा बदलल्यापासून खाली बसता येत नाही, असे मी सांगितले. ते खरे आहे. कारण मात्र ते नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

जोडणी पूर्ण झाली. पेडल मारतो आहे, मेजाचा फलाट जागचा हलत नाही! एकतीस वर्षे बारावीच्या वर्गाला पास्कलचा नियम शिकवला. काचेच्या नळ्यांत रंगीत पाणी भरून दाखवला. आणि आज घामाघूम होऊन माहितीपत्रक उलटसुलट वाचत होतो.

व्यंकटराव कुंपणावरून पाहत होते. शेवटी आत आले. "आत हवा अडकलीय, सर. झडप मोकळी सोडा अन् धा-पंधरा वेळा नुसतं पेडल मारा." तसे केले. फलाट उचलला गेला!

"तुमच्या पुस्तकातलं त्याल येगळं अन् हे येगळं," ते म्हणाले. मलाही हसू आले. माझी पत्नी जगदेवी असती तर ही गोष्ट संध्याकाळपर्यंत कंधारला तिच्या माहेरी पोहोचली असती.

रविवार, १४ सप्टेंबर

एकदा लिहून टाकतो. हे कोणाशी बोललेलो नाही.

गेल्या वर्षी ९ ऑक्टोबरला जगदेवीला मागे बसवून कंधारला निघालो होतो. अहमदपूर ओलांडल्यावर एक गतिरोधक आला – न रंगवलेला. गाडी उडाली. ती पडली. नांदेडच्या रुग्णालयात चार दिवस होती. तेरा तारखेला गेली. कंधारजवळ आमच्या शेतात तिची समाधी आहे.

सर्वांना मी गतिरोधक सांगितला. पोलिसांनाही तेच लिहून दिले. गतिरोधक होता. ते खोटे नाही.

परंतु त्या आधीच्या रविवारी मी गाडीचे काम केले होते. नेहमीप्रमाणे स्वतः. बत्तीस वर्षांत गाडी परक्या हाती दिली नाही, याचा मला अभिमान होता. डाव्या बाजूचे मागचे फूटरेस्ट काढून स्वच्छ केले आणि परत बसवले. त्याचा नट आतल्या बाजूला, चेनकव्हरच्या आड आहे. गुडघा ठणकत होता. नट बोटांनी फिरवला. पाना हाताशी नव्हता – आणायचा म्हणजे उठणे आले, पुन्हा बसणे आले. तेवढ्यात तिने जेवायला हाक मारली.

जेवणानंतर पाना लावला का?

आठवत नाही.

जगदेवी दोन्ही पाय डावीकडे सोडून बसत असे. तिचा सगळा भार त्या एका फूटरेस्टवर.

मंगळवार, १६ सप्टेंबर

अक्षराचा नांदेडहून फोन. रेल्वेच्या कार्यालयात दुपारच्या सुट्टीत आमची लेक मला न चुकता फोन करते. लिफ्ट टेबलाचे सांगितले.

"अप्पा, ती गाडी विकून टाका ना."

"का?"

"कशाला पुन्हा पुन्हा तेच? तेरा तारखेला आईच्या पुण्यस्मरणाला मी कारने घेऊन जाते तुम्हाला. गाडीला हात लावू नका. माझी शपथ आहे."

अपघातानंतर अक्षरानेच गाडी टेम्पोत घालून लातूरला आणली होती. तिनेच झाकली. तिला गाडी डोळ्यांसमोर नको आहे, हे मला समजते. मी तिला जेवण झाले का, एवढेच विचारले.

शनिवार, २० सप्टेंबर

व्यंकटरावांनी गाडी फलाटावर चढवून दिली. पुढचे चाक पकडीत आवळले, पट्टे बांधले. मी पेडल मारत गेलो. गाडी माझ्या छातीसमोर आली. बत्तीस वर्षांत तिला अशी उभ्याने कधी पाहिली नव्हती.

"आता ओवाळायचं का नुसतं बघायचं, सर?" एवढे बोलून ते गेले.

उजवी बाजू तपासली. साखळीला तेल दिले. कार्बोरेटर उघडून स्वच्छ केला. डावीकडे गेलो नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी पाहतो तर फलाट चार बोटे खाली! स्वस्त वस्तू – झडपेतून तेल पाझरते. पत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे की, फलाट उचलल्यावर लोखंडी अडसर घातल्याशिवाय काम करू नये. मी तो घातलाच नव्हता. प्रात्यक्षिकाच्या वहीत एवढ्याशा चुकीला गुण कापणारा मी!

अडसर घातला. तीनदा हलवून पाहिला.

डावीकडे काय पाहायचे आहे, तेही येथे नोंदवतो. पाना लावून नट घट्ट केला की त्यावर मी लाल रेघ ओढतो – अर्धी नटावर, अर्धी सांगाड्यावर. नट सैल झाला की रेघ तुटते आणि लगेच कळते. रेघेसाठी जगदेवीची नेलपॉलिश वापरत असे. "अहो, माझ्या नखांपेक्षा तुमच्या गाडीलाच जास्त लागतं हे!" दर वेळी हेच म्हणायची. आणि बाटली स्वतःच आणून द्यायची.

रेघ असेल तर मी पाना लावला होता. नसेल तर नाही.

वरून पाहता फूटरेस्ट जागेवर दिसते. ते पडलेले नाही. एवढ्या आशेवर वर्ष काढले आहे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. वर्ष फिरलेले नाही, म्हणून सण करायचा नव्हता. पण व्यंकटराव त्यांच्या पान्यांना कुंकू लावून थेट इकडेच आले – "हत्यारं बिनपूजेची ठेवत न्हाईत, सर. वैनी असत्या तर ठेवू दिली असती का?" न्हाई, असे माझ्याही तोंडून निघून गेले. पानेपेटीला विभूती लावली. फलाटाला लावली. मग गाडीलाही.

ते गेल्यावर डावीकडे गेलो. अडसर तपासला. चष्मा पुसला. विजेरी चेनकव्हरच्या आड धरली आणि थोडा वाकलो – एवढेच, गुडघे न टेकता.

लाल रेघ नाही.

मग पाना लावला. नट हलेना! पुन्हा जोर दिला. पक्का घट्ट. क्षणभर वाटले, पाना लावला होता, केवळ रेघ ओढायची राहिली. सुटलो! फलाटाला धरून उभा राहिलो.

नंतर विजेरी पुन्हा धरली. शेजारचे सर्व नट जुने, काळवंडलेले. हा चकचकीत. बोल्टही नवा. त्याच्याभोवती सांगाड्यावरचा रंग उडालेला आणि धातूवर खोल ओरखडा – तेथून काहीतरी जोराने निखळल्याचा.

हा नट माझा नाही. माझा त्या रस्त्यावर कुठेतरी पडला आहे.

आणि अपघातानंतर ही गाडी घरी येईपर्यंत एकाच व्यक्तीच्या ताब्यात होती.

उद्या अक्षरा येणार आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर

अक्षराने माझ्या हातावर आपट्याची पाने ठेवली. मी तिला फलाटापाशी नेले आणि विचारले. ती रडली नाही. म्हणाली, "नट अहमदपूरलाच बसवून घेतला, अप्पा. गाडी टेम्पोत घालायच्या आधी. आईनं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती थोडा वेळ शुद्धीवर आली होती, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता तेव्हा. म्हणाली – पायाखालचं निसटलं गं. नीट बसवून मगच गाडी घरी ने. त्यांना कळलं तर पुन्हा पान्याला हात लावायचे न्हाईत."

नेलपॉलिशची बाटली अजून कपाटात होती. रेघ अक्षराने ओढली. विजेरी मी धरली.