निळे कप फारच फुटतात

३ मार्च

चि. मुंगीस, अ. उ. आ.

आत्याची पेटी पोचली. फुटक्या कपांची कानातली दुकानात सगळ्यांना आवडतात, निळी तर मांडेपर्यंत संपतात. मी गिऱ्हाइकांना सांगते, लोकांनी टाकलेले कप आहेत, आमची आत्या गोळा करते, धाकटी बहीण घासते. काल एक बाई हसत म्हणाली, तुमच्या आत्याकडे निळेच कप बरे फुटतात. मीही हसले. घरी आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. मागच्या पेटीत निळे, त्याच्या आधीही निळे. तपकिरी कप काय अमरपट्टा घेऊन आलेत? तू तिथेच असतेस. डोळे उघडे ठेव, तोंड बंद. दुसरं तुला सांगायला नकोच म्हणा.

कान टवकारून बसलेली,
ताई

९ मार्च

ति. ताईस, सा. न. वि. वि.

मला पण खटकत होतं, पण म्हटलं आपण कशाला. आत्या हल्ली आतल्या खोलीचं दार लावते आणि रेडिओ मोठा करते. बाहेर येते तेव्हा टोपलीत तुकडे असतात. कुठून आणलेस विचारलं तर म्हणते, तू आपली कड घास. म्हणून कडच बघितली. खरा फुटका कप असला की कडेत चहा मुरलेला असतो, कानशीने पण जात नाही. हे तुकडे कडेला पांढरेशुभ्र. एकाच्या बुडाला किमतीचं अर्धं लेबल होतं.

कुणाला बोलू नकोस गं. शाळा सोडल्यापासून मला हे एकच काम जमलंय. आत्याने हाकललं तर जाऊ कुठे.

माया पातळ करू नकोस.
मुंगी

१४ मार्च

चि. मुंगीस, अ. उ. आ.

लेबलचं वाचून जेवण गेलं नाही. सकाळीच दोघींना तेच सांगून विकलं होतं. म्हणजे खोटं आत्या नाही, मीच बोलतेय. निळी सगळी काढून ठेवलीत. तू आत्याला विचार. मी पत्र लिहिलं तर ती गोड गोड लिहून टाळेल. तुझ्यासमोर टाळता येत नाही, तू नुसती उभी राहतेस आणि ते फार वाईट असतं.

उत्तरावर डोळे लावून,
ताई

२२ मार्च

ति. ताईस, सा. न. वि. वि.

विचारलं. म्हणजे ते लेबल तिच्या चहाशेजारी ठेवलं आणि उभी राहिले. आधी चिडली, एवढीशी पोर मला शिकवतेय म्हणाली. मग म्हणाली, सगळ्यांना निळंच हवं, फुटायची वाट बघत बसू का. जुन्या बाजारातून आख्खे कप आणते आणि फोडते. मी म्हटलं, चांगले होते ना ते, कुणीतरी चहा प्यायलं असतं. तर म्हणे, एवढा पुळका असेल तर जा तूच दारोदार फुटकं मागत.

तुला माहितीय, मला साधा पत्ता विचारता येत नाही. तरी गेले. पहिल्या दारातून बेल न वाजवताच परत फिरले. दुसरीकडे एका आजोबांनी दार उघडलं. मी नुसती टोपली पुढे केली, त्यांनी त्यात रद्दी टाकली. मग बोलावंच लागलं. त्यांनी कान तुटलेला तपकिरी कप दिला आणि शेजारणीला पण हाक मारली.

खोलीचं दार आता उघडं असतं. तरी मी प्रत्येक कड बघते, आणि आत्या माझ्या हातांकडे बघते.

पेटी पाठवतेय. निळं एकही नाही. सगळी तपकिरी, एक हिरवट, एकाचा रंगच कळत नाही. ही खपली नाहीत तर पुन्हा आख्खे कप आणणार असं आत्याने बजावलंय. माझं बोलून झालं, ताई. आता दुकानात तू बोल.

माझ्यावर आहे तेवढा लोभ या तपकिरींवर पण असू दे.
मुंगी