चमच्यांची वही

४ फेब्रुवारी

गिळणेबाईने आज वही दिली! जाड पुठ्ठ्याची, वर ससा. आत रकाने: वेळ, पदार्थ, किती चमचे, मुलीचा मूड. मूडच्या रकान्यात हसरा नाहीतर रडका चेहरा काढायचा. भिंतीवर तीन-तीन सर्टिफिकेटं टांगलेल्या बाईचा इलाज काय, तर चेहरे काढा. धन्य!

गिळणेबाई हे नाव मी ठेवलंय. तिच्या पाटीवर लांबलचक काहीतरी लिहिलंय. न खाणाऱ्या मुलांना खायला-गिळायला शिकवते, म्हणून गिळणेबाई. नवऱ्याला हे नाव आवडलं नाही. त्याला काय, त्याला जगातले सगळेच लोक बरे वाटतात.

नियम असे. दिवसातून तीनदा, वीस मिनिटं माझ्या लेकीसमोर, ठमीसमोर, ताटली ठेवून बसायचं. भरवायचं नाही. ‘खा’ म्हणायचं नाही. टाळ्या नाहीत. तोंडाकडे टक लावून बघायचं नाही. एक घास चिऊचा, एक घास काऊचा — तेही बंद! मी विचारलं, का हो, चिऊकाऊंनी काय घोडं मारलंय तुमचं? तर म्हणाली, "घास तिचा आहे. आणखी कुणाचा नाही." आणि वर ते सोज्वळ हसू.

ठमी पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल. सातव्या महिन्यात जन्मली, तीन महिने काचेच्या पेटीत होती. तोंडाजवळ जे जे आलं ते टोचायला, ओढायला नाहीतर चिकटवायला आलं. तेव्हापासून तोंड बंद. तपासणी झाली, घसा ठणठणीत आहे. पण खात नाही. नाकातून नळी, नळीतून दूध, दिवसातून पाच वेळा. मार्चअखेरपर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर पोटाला भोक पाडून तिथून नळी घालायची, म्हणाले डॉक्टर. "छोटंसं भोक." छोटंसं! स्वतःच्या पोटाला पाडून घ्या म्हणावं.

६ फेब्रुवारी

वेळा वाटून घेतल्या. सकाळी ऑफिसच्या आधी मी. दुपारी सासूबाई. संध्याकाळी नवरा.

सकाळ: शून्य. दुपार: शून्य. संध्याकाळ: शून्य. केळ्याचा लगदा ठमीने माझ्या चष्म्याला फासला. गिळणेबाईला सांगितलं तर म्हणते, "अरे वा, हात लावला!" म्हणजे चष्मा पुसायचा मी आणि वा वा हिची.

११ फेब्रुवारी

गिळणेबाईकडच्या बाकावर आज एक आई शेजारी बसली. तिचा मुलगाही नळीवालाच होता म्हणे. "आमचा आता अख्खी वाटी खातो हं!" मी विचारलंच नव्हतं. "तुमची?" मी म्हटलं, चार-पाच चमचे. सहज तोंडातून गेलं. तिने मान डोलावली, म्हणजे बिच्चारी अशा अर्थाने!

आत गेल्यावर गिळणेबाईने वही मागितली. सकाळच्या रकान्यात मी अजून काही लिहिलं नव्हतं. तिच्यासमोर पेन काढलं आणि लिहिलं — बटाटा, ४ चमचे. खरं म्हणजे ठमीने बटाट्यात बोट घातलं, ओठाला टेकवलं आणि ते माझ्या बाहीला पुसलं. चार चमचे.

गिळणेबाईने पेनाने टिक केली. इतकी सरळ बाई! मला हसूच आलं.

१५ फेब्रुवारी

मला हे जमतंय. नुसता आकडा लिहिला तर संशय येतो. ‘३ चमचे, अर्धा थुंकला’ — हे कसं खरं वाटतं! परवा ५, काल ३, आज ४. सरळ चढत गेलं की लोकांना शंका येते. शाळेत निबंधाला कधी चांगले मार्क मिळाले नाहीत. आता बघा म्हणावं.

मला कुणी विचारलं ना की का करतेस, तर माझं उत्तर तयार आहे. भोक.

१७ फेब्रुवारी

संध्याकाळी घरी आले तर नवरा दारातच. "सहा चमचे खाल्ले!" वहीत लिहिलेलंसुद्धा होतं, हसऱ्या चेहऱ्यासकट. चेहऱ्याला कानही काढले होते.

माझ्यासमोर ही मुलगी दात आवळून बसते आणि ह्याच्यासमोर सहा? हा तर चमचा धरतो कुदळीसारखा! मी म्हटलं, छान. आणि आत जाऊन भांडी आपटली.

१८ फेब्रुवारी

सकाळी मी लिहिलं — ७.

२० फेब्रुवारी

सासूबाईंचा दुपारचा रकाना मात्र बघवत नाही. शून्य. शून्य. शून्य. मोठं, गोल, सुबक शून्य, प्रत्येकाला वेळ घेऊन काढलेलं. मूडच्या रकान्यात चेहरा नाही, शब्द — ‘बरी होती.’ ‘कंटाळली.’ ‘माझ्या बांगड्या मोजल्या.’

वीस मिनिटं बसून एक चमचा नाही! अख्खं आयुष्य चार पोरांना भरवण्यात गेलं म्हणून सांगतात. मी म्हटलं, आई, जरा मन लावून बसत जा. त्या म्हणाल्या, "खाल्लं नाही तर काय लिहू?" मग चष्मा काढून पुसत बसल्या. ह्या माणसांना काही सांगायची सोय नाही.

२४ फेब्रुवारी

भोक टळलं!! निदान पुढे गेलं. गिळणेबाई आणि डॉक्टर दोघांनी वही चाळली. डॉक्टर चक्क हसले. सकाळ-संध्याकाळ एवढं खातेय, तर नळीतल्या दुधाच्या पाचपैकी दोन फेऱ्या बंद करू, भूक लागेल, अजून खाईल, म्हणाले. ठमीला काट्यावर उभं केलं. दहा किलो चारशे.

दोन फेऱ्या बंद म्हटल्यावर मी बोलायला तोंड उघडलंही. पण तेवढ्यात नवरा म्हणाला, "संध्याकाळी तर आठपर्यंत जाते, डॉक्टर." आणि मला वाटलं, त्याच्याकडे खाते ना? मग पुरेल. माझे चार खोटे असले तरी त्याचे आठ आहेत. मी तोंड मिटलं.

मग गिळणेबाईने विचारलं, "दुपारी कोण असतं? दुपारीच का नाही खात?" मी म्हटलं, सासूबाई. त्यांना जमत नाही.

२५ फेब्रुवारी

दुपारची वेळ सासूबाईंकडून काढून घेतली. शेजारणीची मुलगी तासभर येऊन बसेल. सासूबाईंनी वही टेबलावर ठेवली, त्यावर पेन ठेवलं आणि आत गेल्या.

२८ फेब्रुवारी

शेजारणीची मुलगी: ५ चमचे. बघा! मी म्हटलं नव्हतं?

३ मार्च

ठमी चिडचिडी झालीय. नळीतून दूध जाताना आधी खेळायची, आता पिशवीकडे बघत राहते. दूध संपलं की नळी ओढते. नवरा म्हणतो दात येत असतील. तीन वर्षांच्या मुलीला! काय बोलायचं अशा माणसाशी.

सकाळी तिच्यासमोर दही ठेवून बसले. वीस मिनिटं ती दह्याकडे बघत होती आणि मी घड्याळाकडे. तिचं मनगट हातात घेतलं. बारीक झालंय का? मी वहीत ६ लिहिलं.

६ मार्च

नऊ किलो नऊशे. गिळणेबाईने तिला खाली उतरवून परत उभं केलं. तोच आकडा. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वही परत चाळली आणि चेहरा गंभीर केला. "एवढं खाऊन वजन उतरतंय, म्हणजे आत कुठेतरी गडबड आहे." उद्या रक्त तपासायचं. त्यात नाही सापडलं तर भूल देऊन पोटात दुर्बीण.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी दार लावून घेतलं आणि नवऱ्याला विचारलं, खरं सांग, तिने तुझ्यासमोर सहा चमचे खाल्ले होते? तो म्हणाला, "आधी तू सांग, तुझे चार खरे होते?"

मी ओट्याला टेकून मान हलवली, नाही. मग तो हळूच म्हणाला, "तुझे चार बघितले. मला वाटलं मी शून्य लिहिलं तर तू म्हणशील बापाला जमत नाही." आणि त्याचे सहा बघून मी सात लिहिले होते. शेजारणीच्या मुलीला बोलावून विचारलं, ती रडायलाच लागली. "सगळ्यांचे एवढे होते काकू, मग मी कसं शून्य लिहू!"

वही उघडली. एक महिना. निम्मी पानं हसऱ्या चेहऱ्यांनी भरलीत. त्यात फक्त एका माणसाच्या अक्षरात शेवटपर्यंत खरं लिहिलंय, आणि त्या माणसाला आम्ही उठवलं. मी उठवलं. लेकीला दहा दिवस उपाशी ठेवलं आणि म्हातारीला नावं ठेवली. लोकांना हसत होते मी. काय पण अक्कल!

नळीतून आजच्या दोन्ही बंद फेऱ्या दिल्या. डॉक्टरांना न विचारता. पिशवी रिकामी होईपर्यंत ती नळीला हात लावून बसली होती.

७ मार्च

ठरवलं होतं की दवाखान्यात गेल्या गेल्या सांगायचं. नाही सांगितलं. बाकावर ती मुलगा अख्खी वाटी खातो म्हणणारी आई, म्हणजे माझी अख्खीवाटी, बसली होती, तिच्यासमोर सांगायचं धाडस झालं नाही! मग रक्त काढणारी आली, ठमीच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. इवलासा दंड, पट्टा दोनदा फिरवावा लागला. ठमी रडली नाही. तिला सवय आहे. तिने फक्त तोंड घट्ट मिटून घेतलं, आणि मी ओरडले, थांबा! तिला काही झालेलं नाही. ती उपाशी आहे.

मग सगळं सांगितलं. नवरा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझेही. एवढं मात्र त्याला जमलं.

मला वाटलं होतं गिळणेबाई तेच सोज्वळ हसेल. हसल्या नाहीत. वही मिटली आणि म्हणाल्या, "तुम्ही शून्य लिहिलं असतंत तर मी पंधरा दिवसांपूर्वी पद्धत बदलली असती. मी महिनाभर ह्या मुलीवर काम केलंच नाही. वहीतल्या मुलीवर केलं."  

निघताना त्यांनी विचारलं, "ही शून्यं कुणी लिहिलीत?" मी सांगितलं. म्हणाल्या, "त्यांना घेऊन या."

८ मार्च

दुधाच्या पाचही फेऱ्या सुरू. भोकाची तारीख पडली — २८ एप्रिल.

सासूबाईंसमोर वही ठेवली. म्हटलं, आई, चुकलं माझं. दुपार तुमची. खरं तर तिन्ही वेळा तुमच्याच. अजून बरंच बोलायचं होतं, पाय धरायचे होते, पण त्यांनी वही ओढून घेतली, पेन झटकलं. "चालतंय ना हे?"

१९ मार्च

शून्य. ‘नाक पुसू दिलं.’

गिळणेबाईंनी आता ताटलीच बंद केलीय. सासूबाई स्वतः जेवतात आणि ठमी त्यांच्या मांडीवर बसते, बस्स. हा काय इलाज, असं वाटलं होतं. वाटलं, पण बोलले नाही.

२ एप्रिल

शून्य. ‘माझ्या ताटातलं उचलून मला भरवलं. पाच वेळा.’

ऑफिसातून फोन केला तर सासूबाईंनी हे वाचून दाखवलं; मी विचारलं, खरंच पाच? त्या म्हणाल्या, "मी मोजले." ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. त्या मोजतात हे मला आता माहीत आहे.

१३ एप्रिल

ठमीला वजनाला नेलं. दहा किलो सहाशे. अख्खीवाटी भेटली. "काय, किती खाते?" मी म्हटलं, काहीच नाही. ती पर्सची चेन उघड-मीट करत म्हणाली, "आमचापण रोज नाही खात हो."

१७ एप्रिल

दुपारच्या रकान्यात सासूबाईंचं अक्षर: भात, पाव चमचा.

मी चप्पलसुद्धा न काढता आत गेले. आई, पाव? नक्की पाव?

"पाव म्हणजे पावच. उरलेला पाऊण माझ्या अंगावर आहे, बघ."