पट्टीच्या आतला ठसा

मंगळवार, संध्याकाळ. पावणेसात.

तार तापवून मऊ करायच्या मशीनच्या पुलीवर निकेलची पट्टी असते, तिच्यातून तारेला करंट जातो. गेल्या आठवड्यात ती ठिणग्या टाकायला लागली. मी नुसती वरून बघून मॅनेजरला ठासून सांगितलं, "ही सदाकाकांनी बसवलेली. हाताला सफाई नाही राहिली त्यांच्या." ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांचं काम सुटलं. मला मिळालं.

आज ती पट्टी कापून काढली. कारागीर आतल्या बाजूला आपला ठसा मारतो. आत माझाच ठसा! मॅनेजर म्हणाला, "काय झालं?" मी ठशावर अंगठा ठेवला, म्हणालो, "काही नाही." का ठेवला अंगठा?

आत्ता काकांचा फोन. "नवी बसली का नीट? आतून ठसा मारलास ना रे?"